टेलचा ताबा

सायफनच्या तोंडाशी आबांनी सदरा काढला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिला घट्ट गाठ मारली आणि ती पिशवी कमरेला खोचली.

"फोन माझ्याकडे द्या," मी म्हणाले. "खाली रेंज नसते."

"हँडल दुसऱ्याच्या हातात देऊन कुणी खाली उतरतं का, पोरी?" ते म्हणाले आणि त्यांनी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

आबा, माझे वडील, कालव्यावर पाटकरी होते. पाणी सोडणं, अडवणं, शेतांकडे जाणाऱ्या कोणत्या चारीला किती वेळ द्यायचं ते पाहणं, हे त्यांचं काम. आमच्या गावापुढे एक ओढा आडवा येतो. तिथे कालवा जमिनीखाली जातो आणि ओढ्यापलीकडे पुन्हा वर येतो. त्या भुयाराला सगळे सायफन म्हणत. त्याच्या तोंडाशी विहिरीसारखा खड्डा आहे, तळाला लोखंडी जाळी आहे. जाळीत बाभळीच्या फांद्या, गवताचे भारे, कधी फुगलेलं जनावर अडकायचं आणि पाणी तुंबायचं. मग दार बंद करून पाटकऱ्याने खाली उतरायचं. उतरण्याआधी वरच्या मुख्य दाराचं हँडल काढून घ्यायचं आणि स्वतःबरोबर खाली न्यायचं, हा त्यांचा रिवाज. हँडल खाली असेपर्यंत दार उघडणार नाही. आणि दार उघडलं, तर खाली कुणी नाही. एवढ्या एका ओबडधोबड लोखंडावर कितीतरी माणसांचे श्वास टांगलेले होते.

त्या वर्षी दाराला मोटार बसली आणि हँडल भंगारात गेलं. त्याच्या जागी मोबाइलमधलं ॲप आलं. प्रत्येक गावच्या पाणीवापर संस्थेचा अध्यक्ष, आबा आणि शाखा अभियंता असलेल्या कुरणेबाई, एवढ्यांकडे ते होतं. दार एका वेळी एकाच्याच हुकमात. त्याला ताबा म्हणायचं. बाकीच्यांनी मागणी नोंदवून रांगेत थांबायचं. ही रांग आधी आलेल्याची नव्हती, मानाची होती. सर्वांत वर कुरणेबाई, त्या कधीही ताबा घेऊ शकत, मग पाटकरी, मग टेलचं, म्हणजे कालव्याच्या शेवटी असलेलं गाव. आणि दाराला खेटून असलेलं गाव सर्वांत खाली. पाणी ज्याच्यापर्यंत सर्वांत उशिरा पोचतं त्याचा हक्क पहिला, हा कालव्यावरचा जुना न्याय यंत्रात जसाच्या तसा उतरवला होता. मी तेव्हा नुकतीच एम.ए. होऊन घरी बसले होते. आबांना ते ॲप मीच शिकवलं आणि शिकवताना मला ते सुंदर वाटलं होतं. शेवटच्याला पहिलं स्थान देणारी वस्तू मी पुस्तकांबाहेर तोवर पाहिली नव्हती.

आबा उतरत गेले. काळोखाने त्यांना पायांकडून वर गिळत नेलं. शेवटी पांढऱ्या केसांचा एक ठिपका उरला, मग तोही विझला. खालून फांद्या मोडल्याचा आवाज येऊ लागला तेव्हा मी वळले आणि कालव्याच्या भरावावरून मुख्य दाराकडे निघाले. दार वळणापलीकडे होतं. चैत्राचं ऊन कालव्याच्या कोरड्या तळावर पांढरं होऊन पडलं होतं.

दाराशेजारी पत्र्याची खोली आहे. तिच्या सावलीत यशवंत शेलार तंबाखू मळत बसला होता. तो आमच्याच गावचा, आंबेखोरीचा. आमच्या संस्थेचा अध्यक्ष, आणि म्हणून रांगेत सर्वांत शेवटचा. आबांना जाळी मोकळी व्हायला किती वेळ लागेल, त्याने विचारलं. दुपार होईल, मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला की तोवर खडकमाळवाले आपल्याला शिव्या घालून घालून थकतील आणि पाणी न लागताच झोपी जातील. मी हसले, तोही हसला. मी पाहिलेलं त्याचं अखंड दातांचं ते शेवटचं हसणं.

खडकमाळ हे टेलचं गाव. त्यांची पाळी सुरू होऊन दोन दिवस झाले होते आणि त्यांच्या चारीत थेंब आला नव्हता. तिथल्या संस्थेचे अध्यक्ष माझे सख्खे मामा, सर्जेराव. जाळी तुंबलीय हे आबांनी त्यांना सकाळीच फोनवर सांगितलं होतं. मामांनी ते गावाला सांगितलं असणार आणि गावाने ते ऐकून घेतलं नसणार. कारण थोड्या वेळाने भरावावर धूळ उठली आणि धुळीतून ट्रॅक्टर आले. ट्रॉल्यांमध्ये माणसं उभी होती. काठ्या, पाइपचे तुकडे, कोयते. कुणी घोषणा देत नव्हतं. बोलत नसलेल्या माणसांचा जमाव मी त्या दिवशी प्रथम पाहिला. त्याचा आवाज दगड घासल्यासारखा असतो.

मामा पुढच्या ट्रॅक्टरवर होते. ते खाली उतरेपर्यंत भैरू थोरात यशवंतापर्यंत पोचलाही होता. भैरू खडकमाळचा, मामांचा उजवा हात. त्याचा कांद्याचा तुकडा त्या आठवड्यात जळून गेला होता. दाराशी वरच्या गावचा अध्यक्ष आरामात बसलेला पाहिल्यावर त्याला आणखी कशाची गरज उरली नाही. त्याने एवढंच विचारलं, पाणी चोरून झालं का, की अजून थोडं हवंय. यशवंत उठून काही सांगू लागला. पाइपचा पहिला तडाखा त्याच्या तोंडावरच बसला.

मारहाण लांबून पाहिली तर तिला एक लय असते. जवळून ती केवळ कामासारखी दिसते. चार-पाच जण वाकून, श्वास टाकत, मन लावून ते काम करत होते. यशवंत आधी ओरडला, मग कण्हला, मग मातीत तोंड खुपसून हातांनी डोकं झाकण्यापुरता उरला. त्याचे दात तंबाखूच्या चुऱ्यात पडले होते. एकाने पत्र्याच्या खोलीच्या लाकडी दारावर कोयता हाणला. तो तिथेच रुतून बसला आणि तो माणूस रिकाम्या हाताने यशवंताकडे धावला.

मी मोबाइल काढून कुरणेबाईंना लावला. त्या तालुक्याला बैठकीत होत्या. घंटी वाजत राहिली. त्यांचा मान सर्वांत वर, त्यांनी नुसतं बोट लावलं असतं तरी दार त्यांच्या हुकमात गेलं असतं. तिसऱ्या घंटीला कुणीतरी माझ्या कानाखाली वाजवली. फोन उडाला. एकाने तो दगडाने ठेचला, मन भरेना म्हणून पुन्हा ठेचला. गावातली माणसं बोलावत होतीस ना, तो म्हणाला. माझ्या तोंडात रक्ताची खारट चव आली आणि त्या क्षणी मला भीती वाटण्याऐवजी सगळं फार स्वच्छ दिसू लागलं. जणू कुणी उन्हाची काच पुसून दिली होती.

"पोरीला हात लावू नका," मामा म्हणाले. "भाची आहे माझी."

मी त्यांच्यापाशी गेले. तुमच्या पाण्यासाठीच आबा जाळी काढायला गेलेत, मी सांगितलं. यशवंताला सोडा, माणूस मरेल. मामांनी हात वर केला. मारणारे थांबले, म्हणजे उभे राहून धापा टाकू लागले. क्षणभर वाटलं की आता हे सगळं ओसरेल.

तेवढ्यात मामांच्या हातातला मोबाइल थरथरला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग भैरूने त्यांच्या खांद्यावरून वाकून मोठ्याने वाचलं: मुख्य दाराचा ताबा आता आपल्याकडे आहे.

जमावातून एक हुंकार उठला. कुणीतरी शिट्टी मारली. ताबा आबांकडून सुटून पुढच्या मानाच्या माणसाकडे, टेलकडे, आला होता. तो का सुटला हे त्या घटकेला कुणालाच ठाऊक नव्हतं. नंतर कुरणेबाईंनी सांगितलं की मोबाइलने बराच वेळ उत्तर दिलं नाही तर तो माणूस काम सोडून गेला असं धरून ॲप ताबा पुढे देतं. नाहीतर एकाचा फोन बंद पडला की सगळा कालवा अडून राहील. यंत्राच्या लेखी गप्प झालेला माणूस म्हणजे निघून गेलेला माणूस. आबा तर हँडल नेतात तसा तो मोबाइल रेंज न पोचणाऱ्या काळोखात घेऊन गेले होते.

"मामा, उघडू नका," मी म्हणाले. "आबा सायफनमध्ये आहेत."

भैरू हसला. "खाली माणूस असता तर ताबा आमच्याकडं आला असता का? हँडल कधी आपोआप वर आलंय?"

तो खोटं बोलत नव्हता. पाटकऱ्यांचाच रिवाज तो मला सांगत होता. कालव्याकाठी वाढलेल्या प्रत्येकाला जे पोटातून माहीत असतं, तेच. हँडल हातात आहे, म्हणजे खाली कुणी नाही. मी म्हणाले, जाऊन बघा, वळणापलीकडे तर आहे. त्यावर तो म्हणाला, आम्ही तिकडं जायचं आणि इकडं तुमच्या गावानं दार धरायचं, एवढे खुळे आम्ही दिसतो का. मागून कुणीतरी ओरडलं, अध्यक्ष, बोट लावा. मग सगळेच म्हणू लागले. बोट लावा. बोट लावा.

मामा माझ्याकडे पाहत होते.

"कधी उतरले दाजी?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मगाशी. माझ्यासमोर."

त्यांनी मान हलवली. मग मान वळवून एकदा मागे पाहिलं. त्या माणसांचे चेहरे उन्हात भाजून एकाच मातीचे झाले होते. मामांनी पुन्हा मोबाइलकडे पाहिलं आणि पडद्यावर अंगठा टेकवला.

दार उघडायला अंगठा दाबून ठेवावा लागे. त्याभोवती हिरवं वर्तुळ हळूहळू भरत जाई. चुकून दार उघडू नये म्हणून ती सोय. वर्तुळ पुरं झालं की दार आपलं आपण शेवटपर्यंत वर जाई. मी ते वर्तुळ भरताना पाहिलं. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. खोलीच्या दारात रुतलेल्या कोयत्याची मूठ माझ्या हातात कशी आली, तो सुटताना लाकडाची ढलपी कशी उडाली, हे मला आठवतं. मधलं काही आठवत नाही. मोबाइल धरलेला मामांचा हात दाराजवळच्या कठड्याच्या लोखंडी नळीवर टेकलेला होता. मी कोयता दोन्ही हातांनी घातला.

आवाज ओली फांदी तोडल्यासारखा झाला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट कठड्यावरून घरंगळलं आणि सिमेंटवर पडलं. मामा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त खूप मोठा श्वास आत घेतला, आणि तो बाहेर येण्याआधीच दाराच्या मोटारीने गुरगुरायला सुरुवात केली.

वर्तुळ पुरं झालं होतं.

दार वर सरकलं. खालून पाण्याची पात निघाली, मग पात रुंद होऊन तिचा पडदा झाला आणि कोरड्या तळावर पाणी जिभेसारखं पुढे धावत सुटलं. माझ्यावर कुणी धावून आलं नाही. ती सगळी माणसं मामांच्या हातातून उडणाऱ्या रक्ताकडे पाहत होती. मोबाइल माझ्या पायाशी पडला होता. मी तो उचलला, बंद करायच्या खुणेवर बोट दाबलं. काही झालं नाही. पडदा रक्ताने माखला होता आणि ओल्या पडद्याला बोट कळत नाही. मी तो ओढणीला पुसला, दाबला. पुन्हा रक्त, माझ्याच हातावरचं, मामांचं. पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा लाल वर्तुळ दिसलं आणि ते इतक्या सावकाश भरू लागलं की तेवढ्यात एखादी नदी समुद्राला मिळाली असती. मोटार थांबली. मग उलटी फिरली.

दार खाली येऊ लागलं. पण निघालेलं पाणी निघालं होतं.

"खोटं असतं तर मी मामाला तोडलं असतं का?" मी म्हणाले. ओरडले नाही, ओरडण्याइतकी हवा छातीत नव्हती.

भैरूचा चेहरा माझ्यासमोर बदलला. त्याने पाण्याच्या जिभेकडे पाहिलं, ती वळणाकडे निघाली होती. हातातला पाइप टाकून तो धावला. त्याच्यामागे मी, माझ्यामागे दहा-पंधरा जण. भरावावरून आम्ही आणि खाली तळातून पाणी, असे शेजारी शेजारी धावत होतो. पाण्यापुढे वाळलेली पानं, चिमणीचं मोडकं घरटं, एक रबरी चप्पल, असं सगळं गुपचूप चाललं होतं. वळणावर पाणी जरा मंदावलं, आम्ही पुढे गेलो. सरळ पट्ट्यात त्याने पुन्हा आम्हाला गाठलं. घसा फाटेस्तोवर मी आबा, आबा, करत होते. मला ठाऊक होतं की त्या काँक्रीटखाली माझा आवाज पोचणार नाही. पण पाय आवाजावर चालत होते.

भैरू सर्वांत पुढे होता. त्याने शिडी घेतलीच नाही. खड्ड्याच्या काठावरून सरळ उडी टाकली. क्षणभराने पाणी त्याच्या मागोमाग त्याच खड्ड्यात कोसळलं आणि त्याच्या गर्जनेत बाकी सगळे आवाज बुडाले.

नंतर माणसांनी एकमेकांचे हात धरले, पागोटी आणि पंचे सोडून बांधले. जी माणसं थोड्या वेळापूर्वी वाकून यशवंताला मारत होती, तीच तितकीच मन लावून वाकून ओढू लागली. प्रथम भैरूचं डोकं वर आलं. कपाळ फुटलेलं, एक हात खांद्यातून लोंबणारा. दुसऱ्या हातात त्याने आबांचे केस धरले होते. पाण्याने आबांना जाळीवर दाबून धरलं होतं. त्यांच्या पाठीवर जाळीचे चौकोन उमटले होते, चामडी सोलून निघाली होती. त्यांना पालथं टाकून पाणी काढलं. ते ओकले, खोकले, पुन्हा ओकले. कमरेची पिशवी जागेवर होती. डोळे उघडल्यावर त्यांनी आधी तीच चाचपली.

"दार कसं उघडलं?" त्यांनी विचारलं.

भैरू बाजूला बसून लहान मुलासारखा रडत होता.

पोलिसांत काहीच गेलं नाही. ट्रॉली जोडायच्या आकड्यात हात सापडला, मामांनी डॉक्टरला सांगितलं, आणि सगळ्या खडकमाळने तो आकडा पाहिला होता. यशवंतानेही तोंड उघडलं नाही. ते उघडण्याजोगं राहिलंही नव्हतं. आबांच्या कानावर खरी गोष्ट हळूहळू गेली: टेलवाल्यांना वाटलं खाली कुणी नाही, सर्जेरावांना वाटलं पोरगी गावासाठी खोटं बोलतेय, आणि पोरीने बापासाठी हात उगारला. त्यांनी मामांना दोष दिला नाही. ताबा हातात आल्यावर त्याने दुसरं काय समजायचं, ते म्हणत. मी असतो तर मीही तेच समजलो असतो.

आईने मात्र मला कधी माफ केलं नाही. नवरा वाचला याचं तिला मोल नव्हतं असं नाही. पण दोन वाक्यं जास्त बोलायची होतीस, ती म्हणायची. हात जोडायचे होतेस, पाय धरायचे होतेस, माझा भाऊ राक्षस नव्हता. ती गेल्या वर्षी गेली. शेवटपर्यंत मी वाढलेल्या ताटावर ती आधी क्षणभर थांबायची.

मी तिला का उत्तर दिलं नाही, ते सांगते.

दवाखान्यात मामांना पाहायला मी चौथ्या दिवशी गेले. खाटेशी आबा नव्हते. ते चहा आणायला बाहेर गेले होते. मामांचा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा उशीवर ठेवलेला होता. मी पायांशी उभी राहिले. माफी मागायचं मी घरून ठरवून आले होते आणि तो शब्द ओठांवर आलाही होता.

"बोलू नकोस," मामा म्हणाले. "आधी माझं ऐक. दाजी खाली आहेत हे मला कळलं होतं."

मला वाटलं तापात बोलतायत.

"तू सांगितलंस तेव्हाच. तुझं तोंड बघून. तुला लहानपणापासून बघतोय मी, खोटं बोलताना तू खाली बघतेस." ते छताकडे पाहत होते. "भैरूला माहीत नव्हतं. त्यांच्यापैकी कुणालाच नव्हतं. मला होतं."

"मग?" मी विचारलं. तो आवाज माझा वाटला नाही.

"मग काय. दोन वर्षं मी त्यांना सांगत होतो, टेलचा मान पहिला. मान आला, हातात आला. मागे सगळे उभे. आता मी काय सांगू त्यांना, की माझी भाची सांगतेय म्हणून परत चला?" त्यांनी उशीवरच्या हाताकडे पाहिलं. "अंगठा टेकवताना मी म्हटलं, उचलू. आत्ता उचलू. आणि उचलला नाही, पोरी. उचलला गेला नाही. तू तोडलास म्हणून तो निघाला."

बाहेर कप वाजले. आबा आत आले, पाठीवरच्या जखमांमुळे ताठ, एकेक पाऊल मोजून टाकत. त्यांनी स्टूल ओढलं, चहा बशीत ओतला, बशी दोन्ही हातांनी मामांच्या ओठांशी नेली.

"फुंकून प्या, सर्जेराव," ते म्हणाले. "गरम आहे."

मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते बशीत पडलं. माझ्याकडे न पाहता ते माझ्या बोलण्याची वाट पाहत होते. मी खाली बघितलं.

"फार दुखतंय का हो?" आबांनी विचारलं आणि खांद्यावरच्या पंच्याने त्यांचे डोळे टिपले.